नणंदेच्या हातचा भोपळा

इटलीतल्या पो नदीकाठच्या एका गावात नीवेस आणि फाउस्तो या नवरा-बायकोची आठ टेबलांची खाणावळ होती. फाउस्तो वाढायचा, नीवेस चूल सांभाळायची आणि फाउस्तोची धाकटी बहीण लोरेदाना भांड्यांपासून चिरण्या-किसण्यापर्यंत पडेल ते करायची.

एका डिसेंबरात भोपळे पाणचट निघाले. पास्त्यात भरायचं सारण काही केल्या आळेना. नीवेस वैतागून ते फेकून द्यायला निघाली, तर लोरेदानाने पातेलं तिच्या हातून काढून घेतलं. लोण्यावर कांदा मंद आचेवर पार मऊ केला, त्यात भोपळा घोटला, क्रीम ओतलं, जायफळ किसलं आणि पास्ता उकडलेल्या पाण्याचे दोन डाव घालून सगळं सैल केलं. मग त्यात पास्ता घोळवून वर मूठभर चीज. त्या दुपारी लोकांनी ताटल्या पावाने पुसून खाल्ल्या.

महिन्याभरात त्या पास्त्यासाठी जवळच्या मांतोव्हा शहरातून गाड्या येऊ लागल्या. मग एका वर्तमानपत्राचा माणूस आला. "हे सुचलं कुणाला?" त्याने विचारलं. "मला," नीवेस म्हणाली. तिने काही ठरवलं नव्हतं, तोंडून निघून गेलं. मागे मोरीपाशी नळ चालू होता. लोरेदाना भांडी घासत होती.

लोरेदानाने चकार शब्द काढला नाही. मार्चमध्ये मात्र मोज्यांच्या कारखान्यात नोकरी धरून ती निघून गेली. नाताळला न चुकता यायची, भावाशी हसायची, पण भोपळ्याचा पास्ता पानात घ्यायची नाही. "पोट भरलंय," म्हणायची. फाउस्तोला त्यात काही वावगं वाटलं नाही. नीवेस मात्र तिच्या पानाकडे बघायचं टाळायची. पुढे फाउस्तो वारला, पण त्यालाही तिने कधी खरं सांगितलं नव्हतं.

सव्वीस वर्षांनी गावाने भोपळ्याच्या जत्रेत नीवेसचा सत्कार ठरवला. पत्र हातात पडलं त्याच सकाळी ती बसने लोरेदानाकडे गेली. कोटसुद्धा न काढता तिने सगळं कबूल केलं.

"वहिनी, भांडी घासत होते मी, बहिरी नव्हते," लोरेदाना म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलायचं? मार्चपर्यंत थांबले होते. म्हटलं, चारचौघांत नाही तर नाही, आपण दोघीच असताना तरी एकदा कबूल करशील. पेपरवाल्याचं मला काही नव्हतं गं."

नीवेसला रडू आलं. लोरेदानाने तिला रुमाल दिला, पण जवळ घेतलं नाही.

"जत्रेला ये. सगळ्यांसमोर सांगते," नीवेस म्हणाली.

"सांग की. मी नाही येणार."

नीवेसने खरंच सांगितलं. मांडवात उभं राहून, पास्ता लोरेदानाचा होता आणि मी खोटं बोलले, असं स्वच्छ सांगितलं. लगेच टाळ्यांचा कडकडाट झाला. "केवढं मोठं मन," पाद्रीबाबा म्हणाले. शेजारणीने तर तिचे गाल धरून मुके घेतले. नीवेस मान हलवत राहिली, "नाही हो, तसं नाही," म्हणत राहिली, तसं लोक जास्तच कौतुक करू लागले. घरी जाताना तिला वाटलं, आपण लोरेदानाचं आणखी एकदा काहीतरी लुबाडलं.

दुसऱ्या दिवशी तिने फोन करून तेही सांगितलं. पलीकडे लोरेदाना खुदकन हसली. वहिनीशी बोलताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"तुझं नशीबच थोर, वहिनी. चोरी कबूल केलीस तरी गळ्यात हार."

"हसू नकोस. मी काय करू, ते सांग."

"काही करू नकोस. झालं ते झालं, ते काही पुसलं जायचं नाही." मग ती म्हणाली, "रविवारी ये जेवायला. येताना चांगला घट्ट गराचा भोपळा आण."

रविवारी लोरेदानाने तिला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. नीवेस टेबलाशी हात मांडीवर ठेवून पाहुण्यासारखी बसली. पास्त्याची ताटली समोर आली. सॉस तिच्या खाणावळीतल्यापेक्षा पातळ होता आणि कितीतरी चांगला. तिला तसं म्हणायचं होतं, पण आपल्या तोंडून ते ऐकून लोरेदानाला कसं वाटेल, याची तिला भीती वाटली. ती खात राहिली. लोरेदानाने न विचारता आणखी वाढलं.