महावीरांची पाळी दगडूभाईंना देणारे गुरुजी

पौडच्या स्टँडसमोर मी चहाचं दुकान थाटलं, त्याच वर्षी विनायकगुरुजी इथल्या शाळेवर बदलून आले. पहिलाच चहा पिऊन ते म्हणाले, "गिऱ्हाइकांच्या सगळ्या गप्पा ऐकता वाटतं?" मी म्हटलं, धंदा करायचा तर कान उघडे लागतात. "मग गुरुवारी येशूवर तुम्ही बोला." मला येशूचं काय ठाऊक, असं म्हणताच ते हसले. "म्हणूनच."

माझं वाचन तेव्हा अडखळत चाले. दुकान आवरल्यावर गुरुजी रोज शेजारी बसून मला वाचून दाखवीत. आज माझ्या दोन ट्रका ताम्हिणी घाट चढतात, पण पाठीवरचा तो पहिला हात गुरुजींचा.

ही गुरुवारची बैठक पोपटशेठांच्या किराणा दुकानाच्या ओसरीवर भरे. कुठल्याही धर्मातल्या एका महात्म्याविषयी कुणी एकानं बोलायचं. गुरुजींचा नियम एकच: आपल्या घरच्या संतावर आपण बोलायचं नाही. घरच्याचं कौतुक कुणीही करतं, असं ते म्हणत.

एकदा महावीरांची पाळी दगडूभाई मुलाण्यांवर आली. गावातली बकरी कापायची ती त्यांनीच. पोपटशेठ जैन. त्यांनी गुरुजींना माझ्याच दुकानात गाठलं. चेष्टेलाही काही मर्यादा असते, माणूस बदला, नाहीतर ओसरी बंद, असं बजावलं. बाजारपेठेत एवढी दुसरी जागा नव्हती. बैठकच मोडायची वेळ आली. दगडूभाईंना नानक द्या, मिटून जाईल, असा व्यवहारी सल्ला मीही दिला. गुरुजींनी आवाज चढवला नाही.

"ओसरी तुमची आहे, शेठ. पाळी दगडूभाईंची. समोर बसून ऐका, मग खुशाल कुलूप लावा."

दगडूभाई धुतलेला सदरा घालून आले. शेठांकडे वळूनच बोलू लागले.

"शेठ, मला तुमच्या देवाचं लई ठावं न्हाई. पर बापानं शिकवलंय, बकऱ्याम्होरं सुरीला धार लावायची न्हाई, एकाम्होरं दुसरं कापायचं न्हाई. वरचा बघतुया. तुमच्या महाराजांनी तर हत्यारच टाकलं, मुंगीसुदिक जपली. माझी तेवढी झेप न्हाई. पर त्यास्नी बघणारा बी त्योच असंल."

पोपटशेठांना राहवेना. "आमच्यात वर बसून बघणारा कुणी नाही, दगडूभाई. आपलं आपणच बघायचं."

दगडूभाई विचारात पडले. "मग तर लईच अवघड हाय."

ओसरी हसली. शेठही हसले. उठताना म्हणाले, "गुरुजी, पुढच्या गुरुवारी अजमेरच्या ख्वाजांवर मी बोलतो. दगडूभाई, चुकलो तर सावरा. पण चारचौघांत नको."

गुरुजी मागे खांबाला टेकून बसले होते. जाता जाता मला एवढंच म्हणाले, "नानक तुम्हाला लावतो."

आज गुरुजींची साठी होते आहे. बैठक चालू आहे. नवी मंडळी येतात आणि पहिल्याच दिवशी आपल्या घरच्या संतावर बोलायला उभी राहतात. गुरुजी त्यांना प्रेमानं खाली बसवतात. ही खोड आमच्यातून जाईपर्यंत गुरुजींनी असंच ठणठणीत राहावं, एवढंच आम्हा सर्वांचं मागणं. ती इतक्यात जात नाही, तेव्हा गुरुजी शंभरी सहज ओलांडतील, याची मला खात्री आहे.