गुणाबाईचं ठरलेलं लग्न

कुरखेड्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या गुणाबाईला पुन्हा लग्न करायचं होतं आणि ते तिनं कुणापासून लपवलं नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दिव्यानी सासरी. "एकटीनं जेवाले करमत नाई," असं ती मासा साफ करता करता गिऱ्हाइकाला सांगायची.

सोमाजीनं ते ऐकलं. इस्त्रीचा शर्ट घालणारा हा माणूस राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत सुपरवायझर असल्याचं सांगायचा आणि घासाघीस न करता मासे घ्यायचा. काही बाजार गेल्यावर त्यानं लग्नाचं विचारलं. गुणाबाई लाजली आणि हो म्हणाली.

"पण कोणाले सांगू नोको," तो म्हणाला. "माह्या घरचे आडवे येतीन. दागिने घाल, सकाळी फाट्यावर ये. जंगलातल्या देवीपुढं हार घालू."

गुणाबाईनं फक्त शेजारच्या कमळाला सांगितलं, कारण नेसायला कमळाचं पातळ हवं होतं. मग भावाला, कारण भावाशिवाय लग्न कसं लागणार? मग दिव्यानीला. ठरल्या सकाळी भावाचा टेम्पो फाट्यावर आला, तेव्हा त्यात बायका, भाताचे मोठे गंज, तांदूळ आणि एक सनईवाला होता.

मोटरसायकलवर थांबलेल्या सोमाजीचा चेहरा उतरला. "मी तुले काय सांगतलं होतं?"

"घरचेच हायेत," गुणाबाई म्हणाली. "परकं कोणी नाई."

"हार विसरलो, घेऊन येतो," म्हणून तो गेला, तो गेलाच. बायकांनी तिथंच चूल मांडून भात शिजवला. सनईवाला दोनदा जेवला. गुणाबाई रस्त्याकडं तोंड करून बसली.

बाजारात तिची थट्टा चालली, ती थेट पोलीस येईपर्यंत. सोमाजी पकडला गेला होता. लग्नाच्या आशेनं त्याच्यामागं जंगलात गेलेल्या दोन बायकांचे मुडदे सापडले होते. त्याची ओळख पटवायला गुणाबाईला ठाण्यात नेलं.

"या बाईच्या पोटात काईच राहत नाई," तिला बघून सोमाजी चिडून म्हणाला.

गुणाबाईनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. ती टेबलावरचे त्या दोघींचे फोटो पाहत होती. "यायनं बिचाऱ्यायनं त्याचं ऐकलं," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून बसून राहिली.

दोघींपैकी वच्छला राजुऱ्याची होती. पुढच्या बाजारी दुकान न लावता गुणाबाई तिच्या आईकडं गेली, पिशवीत सुके मासे घेऊन.

"तू कोण वो?" म्हातारीनं विचारलं.

"मी बी त्याचीच होणारी बायको होती, माय."

म्हातारी दारातून बाजूला सरकली आणि तिनं चुलीवर चहा ठेवला.