लटारूभाऊ आणि खाली गेलेला फॉर्म

लटारूभाऊंचा स्वतःच्या सावलीवरही पुरता भरवसा नाही. दुपारी ती आखडते, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्यांचं मत. यात त्यांचा दोष नाही. गोंडपिपरीकडच्या जंगलात सव्वीस उन्हाळे ते तेंदूपत्त्याच्या फडावर, म्हणजे पानं गोळा होतात तिथं, पुडे मोजून घेणारे मुंशी होते. पुडा सत्तर पानांचा असं ठरलेलं असलं, तरी बासष्टलाच सत्तर समजणारे हात त्यांनी जन्मभर पाहिले. म्हणून त्यांच्या फडावर एकच कायदा होता: पुडे जमिनीवर ओळीनं, उघडे मांडायचे. एकावर एक रचलेल्या ढिगाला ते हात लावत नसत. "खालचा पुडा चोर असते," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. सोयरीक जुळवतानाही ते हेच वापरत.

असे भाऊ परवा नात उर्वशीला घेऊन रंजीताच्या ऑनलाइन सेंटरमध्ये आले. उर्वशीला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्मचा शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचची, आणि साडेतीन होऊन गेले होते.

रंजीतानं नाव-गाव भरलं आणि दाखल्याचा नंबर पाहायला दुसरी फाइल उघडली. ती फाइल थेट फॉर्मवर जाऊन बसली.

"आमचा फारम कुठी गेला?"

"खाली आहे ना, भाऊ."

"खाली काऊन टाकला?"

"टाकला नाई. त्याच्यावर दाखला उघडला. हे पाहा." रंजीतानं दोन बटनं दाबली, फॉर्म वर आला. पुन्हा दाबली, दाखला वर आला.

भाऊंनी हा प्रकार तीनदा करायला लावला. तिसऱ्या खेपेला त्यांची खात्री पटली की बाईच्या हातात चलाखी आहे.

"असं नाई चालत, बाई. सगळं समोर मांड. कोनी कोनावर बसाचं नाई."

"आबाजी, कंप्युटरमधी असंच असते," उर्वशी पुटपुटली.

"तू चूप राय. तुह्या फारमाखाली आनखी कोनाचा असंल, तुले का माईत?"

रंजीतानं निमूटपणे पडद्याचे दोन भाग केले. मग फोटो आला, मग सही आली. चार भावांत वाटलेल्या धानाच्या बांधीसारखे पडद्याचे तुकडे झाले, अक्षरं मुंगीएवढी. भाऊ मात्र खूश. ओळ मांडली गेली होती.

चार वीसला फॉर्म अडला. लाल अक्षरात काहीतरी सूचना आली, पण अर्धी चौकटीबाहेर. रंजीतानं चौकट उजवीकडे सरकवली तर सूचनेचं डोकं गेलं. डावीकडे सरकवली तर पाय गेले.

"आता अर्धा फारम कुठी गेला?" भाऊंनी चोर पकडल्याच्या सुरात विचारलं.

रंजीतानं माउस सोडून दिला. "भाऊ, चार पस्तीस होऊन राह्यले. एक तर मले हा फारम पडदाभर करू द्या, बाकीचे खाली जातीन. नाई तर चारही घेऊन असेच पाहत बसा. पाच वाजता सगळेच जातीन."

भाऊंनी उर्वशीकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. मुंशी पुडे मोजताना पानं तोडून आणलेल्या बाया त्याच्या तोंडाकडे बघतात, तशी ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ती नजर भाऊंनी सव्वीस उन्हाळे पाहिली होती, पण घरच्या माणसाची कधी नाही.

"कर," ते म्हणाले. "पर मी पाहून राह्यलो."

फॉर्म पडदाभर झाला आणि सूचना पूर्ण वाचता आली: फोटोची फाइल मोठी आहे. रंजीतानं फोटो वर आणला, लहान केला, फॉर्म वर आणला. फोटो खाली, फॉर्म वर. दाखला वर, फॉर्म खाली. दर वेळी भाऊ मांडीवरच्या पिशवीचे बंद आणखी आवळून धरत होते. पाचला आठ मिनिटं असताना फॉर्म गेला. छापील पावती भाऊंनी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासली. मागची बाजू कोरी असल्याचाही त्यांना थोडा संशय आला.

दोघं बसस्टँडकडे गेली. दहा मिनिटांनी भाऊ एकटेच परत दारात. पडद्यावर आता कुणाचा तरी पीकविम्याचा फॉर्म होता.

रंजीतानं दोन बटनं दाबली. उर्वशीचा फोटो आणि त्याखाली "अर्ज प्राप्त झाला" असं लिहिलेलं पान वर आलं. भाऊंनी चष्मा लावला आणि पावतीवरचा नंबर पडद्यावरच्या नंबराशी आकड्याला आकडा लावून वाचला.

"बरं," ते म्हणाले. "आता झाक."