चमनगोटा आणि झटपट दार

माझा चेहरा माझाच आहे, हे मी एकदा एका दाराला पटवून देऊ शकलो नाही.

दार चेन्नईच्या विमानतळावरचं होतं, काचेचं, आणि झटपट जाणाऱ्यांसाठीचं. मला झटपट जायची हौस का, ते आधी सांगतो. जॉर्ज टाउनमधल्या बँकेत मी बत्तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून बाहेरची रांग बघितली. रांगेतला माणूस किती केविलवाणा दिसतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल! त्यामुळे परदेशी जाणाऱ्यांसाठी इमिग्रेशनची झटपट सोय निघाली आहे, असं कळल्याबरोबर मी अर्ज भरला. एकदा जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा, की पुढे रांग नाही, साहेब नाही. पासपोर्ट टेकवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, दार उघडतं! अड्यारमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे मी सगळ्यांना सांगितलं. (वॉचमनला दोनदा.)

"तूही भर अर्ज," मी बायकोला म्हटलं.

"मला नको," सुनंदा म्हणाली. "रांगेत चार माणसं भेटतात, बोलणं होतं."

"विमानतळावर काय गप्पा मारायला जातात?"

"तुम्ही जा हो पुढे. मी येते सावकाश."

पुढे आमची लेक पल्लवी सिंगापूरला बाळंत झाली. मुलगा झाला आणि तोही तीन आठवडे आधी. (घाई आजोबांकडून आली, असं घरात ठरलं.) फोन आला तेव्हा मी रडलो, खोटं कशाला बोलू? पण आमचा व्हिसा हातात पडेपर्यंत बारशाचा दिवस उंबरठ्यावर आला. "आई, बाळाला पाळण्यात तूच घालायचंस," एवढंच पल्लवीचं मागणं. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळच्या विमानाची दोन तिकिटं मिळाली. विमान चुकलं तर बारसं चुकलं!

एवढं सगळं चालू असताना सुनंदा म्हणाली, "अहो, निघायच्या आधी तिरुपतीला जाऊन येऊ. मी नवस बोलले होते. पल्लवी सुखरूप सुटली तर केस देईन म्हणून."

"तू केस देणार?" मी हादरलोच.

"मी कशी देईन? बारशाला जायचंय मला! तुमचे."

नवस तिने बोलायचा आणि डोकं मी भादरून घ्यायचं! पण नातवासाठी होतं, गेलो. न्हाव्याने पाणी मारलं आणि चार फटकाऱ्यांत चमनगोटा केला. मग वस्तरा मिशीकडे वळला. ही मिशी मी कॉलेजपासून सांभाळली होती. लग्नातसुद्धा सासऱ्यांनी आधी तिच्याकडे बघून मग माझ्याकडे बघितलं होतं.

"मिशी राहू दे," मी म्हटलं.

"अहो, देवाशी घासाघीस करतात का?" सुनंदा मागून म्हणाली, आणि मिशी गेली.

प्रवासाच्या दिवशी ती पहाटेपासून "निघा, निघा" करत होती. मी शांतपणे दुसरी कॉफी मागितली. "तीन तास आधी जाणारी माणसं वेगळी," मी म्हणालो. "मला पाच मिनिटं लागतात." तिने डिंकाच्या लाडवांचा डबा पिशवीत घातला, माझ्या टाळूला थंडाव्यासाठी चंदन थापलं आणि हात पुढे केला. "माझा पासपोर्ट माझ्याकडे द्या."

"तुझ्या पिशवीत लाडवांखाली जाईल तो!" लग्नापासून आमच्या घरात प्रवासाचे सगळे कागद माझ्या गळ्यातल्या पाकिटात असतात. लोक गळ्यात ताईत घालतात, मी पाकीट घालतो. सामान देताना, तपासणीला, जिथे कुणी मागेल तिथे दोघांचे कागद मीच काढून दाखवतो आणि पुन्हा पाकिटात ठेवतो.

इमिग्रेशनपाशी आलो, तर साध्या रांगेत हीऽऽ गर्दी! माझ्या दारापाशी मात्र एकही माणूस नव्हता. इतका आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता. "तू ये मागून," मी सुनंदाला म्हटलं, "मी पलीकडे कॉफी घेऊन बसतो." आणि तरातरा निघालो. तिच्या पासपोर्टासकट!

पासपोर्ट टेकवला, पहिलं दार उघडलं. मी आत शिरलो, ते मागे बंद झालं. दुसरं दार उघडेना. समोरच्या पडद्यावर सूचना आली की कॅमेऱ्याकडे बघा. बघितलं. पुन्हा बघा. चष्मा काढून बघितलं. चंदन पुसून बघितलं. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दाराच्या आठवणीतला माणूस भरघोस केसांचा आणि झुबकेदार मिशीचा होता! आता मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी तर्जनी नाकाखाली आडवी धरली आणि कॅमेऱ्याकडे रुबाबात बघितलं.

दार ढिम्म. रांगेतली दोन पोरं मात्र खिदळली.

तेवढ्यात काउंटरपासून ओळखीचा आवाज आला. "अहोऽऽ! माझा पासपोर्ट!"

मी काचेच्या पेटीतून पाकीट उंच धरून दाखवलं. "माझ्याकडे आहे!"

"ते दिसतंय मला! द्या ना!"

"कसा देऊ? मी अडकलोय!"

"पाच मिनिटं लागतात ना तुम्हाला?"

काउंटरवरच्या साहेबांनी तिला बाजूला उभं केलं. तिने वेळ वाया घालवला नाही. भाजीवाल्याकडून शिकलेल्या खणखणीत तमिळमध्ये तिने बाळंतपण, बारसं, नवस आणि मी, हे सगळं रांगेला सांगून टाकलं. इकडे एक अधिकारी आला. त्याने पडद्यावरचा फोटो बघितला, मला बघितलं.

"सार, मीसै एंगे?" मिशी कुठे गेली म्हणून विचारत होता.

"तिरुपती," मी डोक्यावरून हात फिरवत म्हणालो.

त्याने चटकन दोन्ही गालांना हात लावून नमस्कार केला. "गोविंदा!" रांगेतल्या चार-पाच बायकाही म्हणाल्या, "गोविंदा, गोविंदा!" क्षणभर मला वाटलं, आता दार उघडणारच. पण दार काही भाविक नव्हतं. अधिकाऱ्याने मला मागच्या मागे बाहेर काढलं आणि साध्या रांगेचं शेपूट दाखवलं.

मी सुनंदाला तिचा पासपोर्ट दिला आणि शेपटाला जाऊन उभा राहिलो. पुढे पन्नासेक डोकी होती, सगळी केसाळ. आमच्या विमानाची शेवटची घोषणा झाली. "तू जा!" मी ओरडलो. "बाळाला पाळण्यात घाल! मी येईन कसाही!"

सुनंदा जागची हलली नाही. ती रांगेकडे वळली आणि हात जोडून काहीतरी बोलली. मला फक्त 'पेरन' ऐकू आलं, म्हणजे नातू. आणि ती रांग, जिची मी बत्तीस वर्षं कीव केली होती, ती दुभंगली! "पोंग, तात्ता, पोंग," जा आजोबा, जा, म्हणत लोकांनी मला पुढे ढकललं. एका म्हातारीने जाता जाता माझ्या टाळूला हात लावून तो डोळ्यांना लावला.

काउंटरवरच्या साहेबांनी माझा पासपोर्ट उघडला. फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो. मग सुनंदाला विचारलं, "इवर उंग वीट्टुकाररा?" हे तुमचेच यजमान ना?

तिने माझ्याकडे बघितलं. चांगला वेळ घेऊन बघितलं.

"आमा," हो, असं त्यांना सांगून ती मराठीत मला म्हणाली, "कॉफी घेऊन बसणार होतात ना पलीकडे? चला!"

आम्ही धावलो. विमानात सर्वांत शेवटी आम्हीच चढलो. बसल्याबरोबर सुनंदाने हात पुढे केला, माझ्या गळ्यातलं पाकीट काढून घेतलं आणि लाडवांखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. सुनंदाने बाळाला पाळण्यात घातलं आणि अलगद त्याची कुंची सरकवली. आत एक गोल, गुळगुळीत, तुकतुकीत डोकं होतं, केसाचं नाव नाही. आलेल्या प्रत्येक पाहुण्याने एकदा पाळण्यात बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि एका सेकंदात निकाल दिला, "अगदी आजोबांचा चेहरा!"