आमच्या आम्रपालीची यादी

कुरुळीहून चाकणकडं कंपनीच्या बस चालवणारे पुष्कळ आहेत. सोळा वर्षांत एकदाही गेटवर उशिरा न पोचलेला एकच, तो मी, विक्की. शिक्षण नववी. पण आज माझं नाही, धाकट्या बहिणीचं सांगतो. तिच्याएवढं डोकं माझ्या बसमधे कुणाला नाही, मला धरून.

आम्रपाली गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत पॅकिंगला आहे. सकाळी बसमधे बसली की मांडीवर छोटी वही घेऊन दिवसाची यादी करायची. कोण सुट्टीवर आहे, कुठला माल आधी भरायचा, कुठल्या खोक्याला कुठलं लेबल. काम झालं की त्यावर रेघ. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

शिफ्टच्या इन्चार्ज तनुजा मॅडमनी ते बघितलं. म्हणाल्या, महिनाभर लाइन सांभाळून दाखव, जमलं तर लाइन लीडर. आधीच्या दोघींना जमलं नव्हतं. आमचे वडील तीस वर्षं हेल्पर म्हणून राबले. आमच्या घरात दुसऱ्याला काम वाटून देणारं अजून कुणी झालं नव्हतं, म्हणून ही जागा तिला पाहिजेच होती.

मी लगेच नवा फोन आणला.

"लीडर होणार आणि वहीत लिहिणार? काय शाळेत चाललीस का?"

"दादा, वही बरी आहे रे. आत फोन नेऊ देत नाहीत."

"लीडरला देतात. रोज त्यांना हातात फोन घेऊन बाहेर येताना बघतो मी. गेटवरचं मला सांगतेस?"

पुढं बसमधेही सांगून टाकलं, आमची आम्रपाली आता फोनवर लाइन चालवणार. तिनं गुपचूप सगळी यादी फोनमधे भरली.

पण लीडरच्या फोनला पास लागतो, आणि पास कायम झालेल्यालाच मिळतो. मला काय माहीत? सोळा वर्षं मी गेटपर्यंतच. पहिल्याच दिवशी सिक्युरिटीवाल्यानं फोन लॉकरमधे ठेवायला लावला, आणि यादी बाहेर राहिली.

तिनं खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि आठवेल तसं लिहून काढलं. एक गोष्ट राहिली. त्या दिवसापासून लेबल बदललं होतं. साडेदहाच्या चहाला तिला आठवलं, तोवर चौऱ्याऐंशी खोक्यांना जुनं लेबल लागलेलं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं स्वतः लाइन थांबवली आणि मॅडमकडं गेली.

"माझ्याकडून राहिलं, मॅडम. मालाची गाडी लागायच्या आत लेबलं बदलून देते."

"आणि तुझी ती वही?"

"आज आणली नाही."

माझं नाव घेतलं नाही बघा. सगळी लेबलं बदलून दोन वाजता मालाची गाडी वेळेवर सुटली, पण मॅडमनी महिन्याचे दोन महिने केले.

हे मला तिनं नाही, डिस्पॅचच्या जयदीपनं सांगितलं, तेही भर बसमधे. "काय विक्कीभाऊ, लाइन फोनवर चालली म्हणं लॉकरमधून." सगळी बस हसली. मी गिअर टाकला.

घरी तिला विचारलं, "मला बोलली का नाहीस?"

"तू बसभर सांगून बसला होतास. तुला खाली बघायला लावू का?"

"मग मॅडमला तरी सांगायचं, भावानं बळंच फोन दिला म्हणून."

"यादी माझी होती, दादा. कुठं लिहायची ते मी ठरवायला पाहिजे होतं."

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "फोन माझ्याकडं दे. गोळीची वेळ माझ्या लक्षात राहत नाही." तेव्हापासून फोनचा गजर आईच्या बीपीच्या गोळ्यांसाठी वाजतो, लाइट बिलाची तारीखही तोच सांगतो. शिफ्टचं सगळं वहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन खिशात मावेल अशी वही मी आणली, तीन बघून एक निवडली. माझ्यासारखी पारख कुणाला नाही.

त्यानंतर दोन महिन्यांत एक खोकं चुकलं नाही. गेल्या सोमवारी तिला लीडरचं पत्र मिळालं. पास पण मिळाला, तरी शिफ्टला ती वहीच नेते. मालाच्या गर्दीत हातमोजे घालून फोन चालत नाही म्हणते. ते तिचं तिला माहीत.

आईनं पत्र बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं. मला वाटतं, त्या दिवशी तिनं माझं नाव घेतलं असतं तर चूक माझ्यावर गेली असती, आणि ती सुटली असती. तिनं चूक स्वतःकडं ठेवून घेतली, म्हणून मॅडमनी लाइन तिच्याकडं ठेवली. माझ्या बहिणीचे उपकार मी मानतो, आणि मंगळवारी बसमधे सगळ्यांना तसं सांगितलं, दोनदा.