कुजायला तयार नसलेला कचरा

सातपाटीच्या जयवंतीमावशींचं नाव आधी लिहितो. पुढे जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे आणि सुटका त्यांनी केलेली आहे. सांगायच्या भरात नाव मागे राहायला नको.

त्या सकाळी तिसऱ्या हौदातली सळई पुन्हा थंड निघाली.

सळईचं आधी सांगतो. ओल्या कचऱ्याचं खत करायला विटांचे कमरेएवढे हौद बांधतात. त्यात भाजीची देठं, फळांच्या साली, मासळीची डोकी-खवलं असं सगळं थर देऊन टाकायचं. मध्ये वाळका पाला. वर कल्चर, म्हणजे कचरा कुजवणारे जंतू असलेली पावडर. आठवड्याभरात ढीग आतून तापायला लागतो. ढिगात एक लोखंडी सळई खोचून ठेवायची आणि रोज काढून हात लावायचा. चटका बसला तर काम चालू आहे. गार लागली तर तुम्ही नुसता कचरा साठवलाय.

माझे चारही हौद गार होते. महिना होत आला होता.

मी पालघरचा नगरसेवक. गाव हिंगोली जिल्ह्यात. आठवीत शाळा सुटली, ती पुन्हा धरली नाही. आधी बोईसरला एका कंपनीत हेल्पर होतो, एका खोलीत सहा जण, झोपायची जागासुद्धा शिफ्टप्रमाणे मिळायची. काम सुटल्यावर पालघर स्टेशनला रिक्षा धरली. मासळीवाल्या बायकांना घ्यायला बरेच जण का-कू करायचे. टोपलीचं पाणी सीटखाली सांडतं, वास दिवसभर जात नाही, पुढचं भाडं नाक मुरडतं. मी नवीन होतो, मला कुणीही चालायचं. पहिल्याच दिवशी जयवंतीमावशी टोपली घेऊन बसल्या.

"कुठला रे तू?"

"हिंगोली."

"समुद्र बघितलास?"

"नाही."

"मग एवढा घाबरलेला कशाला? त्यानं पण तुला बघितला नाय."

तेव्हापासूनची ओळख. मला कावीळ झाली तेव्हा त्यांच्या घरून पंधरा दिवस पेज आली. मी निवडणुकीला उभा राहिलो तेव्हा त्यांचं मत पालघरात नव्हतं, सातपाटीला होतं. पण मासळी कापता कापता त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, "आमच्या संतोषाला मत द्या, मग तुकडे बारीक करून देते." किती मतं मावशींच्या कोयत्यावरची होती, मला माहीत नाही. मी थोडक्या मतांनी आलो, एवढं माहीत आहे.

निवडून आलो तरी भीती गेली नाही. सभेत अधिकारी फाइल पुढे सरकवायचे, तेव्हा मला ती दोनदा वाचावी लागायची आणि घाम फुटायचा. आपल्या हातून एक तरी काम असं व्हावं की कुणी म्हणू नये, रिक्षावाला आणून बसवलाय. म्हणून हौदांच्या मागे लागलो. भाजी मार्केटच्या पाठीमागे नगरपरिषदेचा एक रिकामा प्लॉट होता. वॉर्डातला ओला कचरा तिथेच जिरवायचा, डम्पिंगला जाणाऱ्या गाड्या कमी करायच्या आणि खत वॉर्डातल्या झाडांना घालायचं, असा प्रस्ताव. दीड वर्ष पाठपुरावा केला. शेवटी ठराव झाला. ठराव म्हणजे सभेनं मंजूर करून कागदावर आणलेला निर्णय. त्याला एक अट होती. तीन महिन्यांत जमलं तर ठेवायचं, नाहीतर हौद बुजवून तिथे पार्किंग.

पार्किंग झालं असतं तर प्लॉटच्या कडेला बसणाऱ्या बारा मासळीवाल्या, जयवंतीमावशींसकट, उठल्या असत्या. त्यांना पुलापलीकडची जागा दाखवायचं ठरत होतं. तिथे दिवसाला चार माणसं फिरकत नाहीत. म्हणजे माझे हौद थंड राहिले, तर बारा घरं थंड होणार होती. मी झोपेतसुद्धा सळईला हात लावत होतो.

पलीकडे एक सोसायटी आहे. तिचे सेक्रेटरी, निवृत्त काका, पहिल्या दिवसापासून विरोधात. वास आला की फोटो, फोटोखाली वेळ, आणि तो मुख्याधिकाऱ्यांना. वासाचा फोटो कसा निघतो ते मला अजून कळलेलं नाही, पण ते काढायचे. त्यांच्या धास्तीनं मी सुरुवातीलाच मासळीवाल्यांकडे गेलो होतो. घंटागाडी, म्हणजे कचरा उचलणारी गाडी, त्यांच्याकडे दुपारी चारला यायची. त्यांचं काम एकलाच संपायचं. मधले तीन तास डोकी, कल्ले, आतडी डब्यात उन्हात.

मी म्हणालो, "काही करा, पण गाडी येईपर्यंत वास येता कामा नये. आला तर जागा जाईल. मग माझ्याकडे येऊ नका."

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. पण बोललो. भ्यालेला माणूस दुसऱ्याला भिववतो.

मावशी म्हणाल्या, "नाय येणार वास. तू जा."

आणि खरंच वास आला नाही. मला फार बरं वाटलं. त्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही.

इकडे हौद सुरू झाले. आठ दिवस झाले, पंधरा झाले, काही हलेना. आमचे स्वच्छता निरीक्षक राऊत साहेब. त्यांनी ढिगातला मूठभर कचरा पिळून बघितला आणि म्हणाले, "ओल कमी आहे." पाणी मारलं. मग म्हणाले, "आता ओल जास्त झाली." पाला घातला. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, कल्चर जुनं असेल. नवीन आणलं. कामगारांनी हौद उलथापालथ केले. ढिगात हात घातला तर बांगड्याचं डोकं जसंच्या तसं, डोळ्यासकट. तीन आठवड्यांपूर्वीचं डोकं माझ्याकडे बघत होतं. भाजी मात्र आंबून चिकट झाली होती आणि आता तिचा वास सुटला. सेक्रेटरी काकांना काम मिळालं.

मग मुख्याधिकारी साहेब स्वतः पाहणीला आले. बरोबर इंजिनिअर, राऊत साहेब, आणि फाटकाशी काका. साहेब माणूस सरळ आहेत, पण वेळ घालवत नाहीत. चारही सळया मी त्यांच्यासमोर काढल्या. त्यांनी एकीला बोट लावलं.

"संतोषराव, ही तर माझ्या केबिनपेक्षा गार आहे."

"साहेब, मुदत अजून दोन महिने आहे."

"मुदत खत व्हायला आहे. इथे काही होतच नाहीये. सोमवारच्या सभेत विषय घेतो. बंद करूया, उगाच ताणायला नको."

मी सळया परत खोचल्या. मला अशा वेळी शब्द सुचत नाहीत. आठवीनंतरचे शब्द माझ्याकडे कमी आहेत.

गर्दी बघून कडेच्या मासळीवाल्या उठून आल्या होत्या. जयवंतीमावशी पुढे झाल्या. त्यांचे गुडघे दुखतात, हौदाच्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. आत बघितलं. मग वाकून ते बांगड्याचं डोकं उचललं, बोटानं चोळलं आणि बोट जिभेला लावलं. इंजिनिअर साहेब एक पाऊल मागे सरकले.

"ह्यो आमच्याकडचा कचरा इथं आणताव तुमी?"

"हो, मावशी. त्याचं खत करतो."

"म्हंजे ह्यो कुजायला पायजे?"

"हो."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग बाकीच्या बायकांकडे. एकीनं पदर तोंडाला लावला, हसू दाबायला.

"कुजंल कसा?" मावशी म्हणाल्या. "खारवलेला हाय."

खारवणं म्हणजे मीठ लावून मासळी टिकवणं. किनाऱ्यावर आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना येतं. भर उन्हात वास येऊ द्यायचा नाही म्हटल्यावर त्यांनी त्यांना येत होतं तेच केलं. डब्यात कचऱ्याचा थर, वर खडे मीठ, पुन्हा थर, पुन्हा मीठ. रोज. बारा जणींनी. मी कुजवायला हौद बांधले होते आणि त्यांनी न कुजण्याचा पक्का बंदोबस्त केला होता. जंतूंचं कल्चर आम्ही रोज मिठात ओतत होतो.

मावशींना वाटायचं, हौदात फक्त भाजी जाते आणि त्यांचा कचरा गाडी लांब कुठेतरी नेते. मी त्यांना सांगितलंच नव्हतं. वास नको एवढंच सांगितलं होतं.

राऊत साहेब म्हणाले, "म्हणजे प्रकल्प यांनीच बिघडवला."

"आमीच टाकलं मीठ," मावशी साहेबांना म्हणाल्या. "माझ्या सांगण्यावरून टाकलं. ह्या पोरींचा काय दोष नाय. दंड करायचा तर मला करा, त्यांना उठवू नका."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

इथे मी थोडा वेळ गप्प राहिलो, हेही लिहितो. फार वेळ नाही, पण राहिलो. गप्प राहिलो असतो तर हौद का फसले याचं उत्तर मिळालं होतं आणि त्यात मी कुठे नव्हतो. मावशी हौदाला धरून उभ्या होत्या. त्यांचा तो हात खवल्यांनी चमकत होता. कावीळ उतरेपर्यंत पेजेचा डबा त्याच हातानं यायचा.

"साहेब, त्यांना मी सांगितलं होतं," मी म्हणालो. "वास आला तर जागा जाईल, अशी धमकी दिली होती. कचरा कशाला लागतो ते सांगितलं नाही. चूक त्यांची नाही."

साहेबांनी हौदात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे नगरपरिषदेनं महिनाभर कचऱ्याचं लोणचं घातलं."

काकासुद्धा हसले. मग साहेबांनी मावशींना विचारलं, "मीठ न टाकता वास थांबेल का?"

"गाडी एकला आणा, मग वास यायलाच वेळ नाय. चारला आणलीत तर मीठ तरी टाकू नायतर शिव्या तरी खाऊ."

सोमवारच्या सभेत विषय आला, पण बंद करायचा नाही, गाडीची वेळ बदलायचा. आता गाडी एकला येते. डब्याच्या तळाशी आणि वर वाळक्या पाल्याचा थर असतो. पाला मार्केटच्या झाडांचाच.

खारट झालेल्या कचऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. खारट खत भाजीला घातलं तर भाजी जाते. तोही मावशींनी सोडवला. नारळाला मीठ चालतं, इकडे मुद्दाम घालतात. त्यांच्या बहिणीची दांडी गावात नारळाची वाडी आहे. दोन टेम्पो भरून कचरा तिकडे गेला आणि नारळांच्या आळ्यात खोल पुरला. बहिणीनं निरोप पाठवला, अजून असेल तर पाठवा. मी कळवलं, आता होणार नाही.

हौद धुऊन पुन्हा भरले. नवव्या दिवशी मी सळई काढली आणि हातातून टाकून दिली, इतका चटका बसला. तसाच पळत मावशींना बोलवायला गेलो. त्यांनी पदरानं सळई धरली, लगेच सोडली.

"तापला रे तुझा हौद. आता तू जरा गार हो."

मुदत संपली तेव्हा पहिल्या हौदातून काळं, भुसभुशीत खत निघालं. काकांनी सोसायटीच्या कुंड्यांसाठी एक पोतं नेलं. त्याचा फोटो मात्र काढला नाही. बारा जणी जिथे होत्या तिथेच बसतात.

या सगळ्यातून मी एवढंच शिकलो. कुणाला काम सांगताना ते कशासाठी आहे तेही सांगावं. आणि काम बिनबोभाट झालं की कसं केलं ते जाऊन विचारावं.

मावशी अजून जमिनीवर गोणपाट टाकून बसतात. उठताना शेजारणीच्या खांद्याचा आधार घ्यावा लागतो. तिथे गुडघ्याला सोसेल एवढ्या उंचीचा ओटा, वर पत्रा आणि हाताशी नळ, असा माझा अर्ज दोनदा परत आलाय. एकदा नकाशा नाही म्हणून, एकदा नकाशा चुकला म्हणून. तिसरा नकाशा मी मावशींसमोर बसून काढला. नळ कुठे हवा ते त्यांनी बोटानं दाखवलं, कागदावर खवलं चिकटलं, ते तसंच ठेवून फाइल दिली आहे. माझी मुदत संपायच्या आत तो ओटा मी बांधणार. रिक्षा अजून विकलेली नाही. ओट्याच्या पहिल्या दिवशी सातपाटीहून मावशींना टोपलीसकट मीच घेऊन येणार. पाणी सीटखाली सांडलं तर सांडू दे.