उपाशी दात

आळंदच्या बाजारात तूर वाळली की ओली हे सांगणारं एक यंत्र आहे. त्यात मूठभर दाणे ओतले की लाल आकडा उमटतो. शेतकरी तो आकडा बघतो, मान डोलावतो आणि मग मागं वळून अंकुशरावांना शोधतो.

अंकुशराव अठ्ठावन्न वर्षांचे. किशनरावांच्या आडतीवर, म्हणजे धान्याच्या सौद्याच्या दुकानावर, ते अडतीस वर्षं एकच काम करत आले. दाणा उचलायचा, डाव्या दाढेखाली धरायचा, हलकेच दाबायचा, ऐकायचं आणि थुंकायचं. वाळलेला दाणा कट्टकन बोलतो. ओला दाणा बोलत नाही, लाजल्यासारखा गपकन चेपतो. दाणा कधी गिळायचा नाही, ही त्या कामाची रीत. गिळणारा चव बघतो, आणि चवीला सगळंच चांगलं लागतं. कोरडवाहूची तूर असो की विहिरीवरची, अंकुशराव थुंकून सांगत, "अजून तीन उन्हं दे," आणि माणूस मुकाट्यानं पोतं पाठीवर घेऊन परत जाई. कुणी वाद घालत नसे. आळंदचा दात, असंच म्हणत त्याला. अंकुशराव वरून म्हणायचे, "काय बी बोलतात लोकं," पण त्या रात्री भाकरी एक जास्त जायची.

भाकरीचंच सगळं झालं. मार्गशीर्षात गुडघे दुखायला लागले म्हणून ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाला, "अण्णा, साखर वेशीपाशी येऊन उभी आहे. गावात शिरली नाही अजून." मग घरात सूनबाई शिवकन्या हिनं ताबा घेतला. ती दवाखान्यात नर्स. तिनं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. सकाळी अकराला खायला सुरुवात, संध्याकाळी सातला बंद. सातनंतरचे सोळा तास पाणी, नाहीतर बिनसाखरेचा काळा चहा.

"मामा, काय खायचं ते मी म्हणत न्हाई. कवा खायचं तेवढं पाळा."

अंकुशरावांना ते सोपं वाटलं. श्रावणातले सोमवार त्यांनी कधी चुकवले नव्हते. पण श्रावणी सोमवारी साबुदाणा असतो, शेंगदाणे असतात, भगर असते, वरून चार केळी. उपवास करून माणूस जड होतो. हे निराळंच होतं. यात काहीच नव्हतं. नुसता वेळ होता, आणि तो चघळता येत नव्हता.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला भूक आली. रोज याच वेळी त्यांच्या पुढ्यात गरम ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि वर तेलाची धार असायची. दारातली रोजची गाय जशी ठरल्या वेळी येऊन खांबाला अंग घासते, तशी भूक आली आणि आत अंग घासायला लागली. त्यांनी पाणी प्यायलं. गाय हलली नाही. आणखी पाणी प्यायलं, तर पोटात पाणी डुचमळायला लागलं आणि भूक त्यात पोहायला लागली.

त्यात बायकोचा, चंद्रभागाबाईंचा, जीव मेटाकुटीला आला. मुलगा शिवराज आठला जेवून दुकानाला जायचा. नवरा अकराला मागणार, तेही गरम. "एका घरात दोन टायमाला चूल पेटवायची व्हय? भाकरी काय एसटी हाय का, टायमावर यायला?"

"मग थंड दे."

"थंड दिल्यावर परवा तोंड कोण वाकडं केलतं?"

उपाशी माणसाला उत्तरं सुचत नाहीत, राग तेवढा सुचतो.

बाजारात तर विचारूच नका. हमाल हावगेप्पानं पहिल्याच दिवशी चहाचा पेला पुढं केला. अंकुशरावांनी हातानं नको म्हटलं.

"कामून अण्णा? एकादशी हाय का?"

"न्हाई."

"मग शनवार धरलाव?"

"आज बुधवार हाय, हावग्या."

"बुधवारचा देव कोणता म्हणायचा?"

"डॉक्टर."

हावगेप्पानं खरंच हात जोडले. मग सगळ्या आडतीत ते पसरलं. अण्णा बिनदेवाचा उपास करायलेत. देवाच्या उपासाला माणूस मान देतो, समोर खात नाही, बाजूला जातो. बिनदेवाच्या उपासाला कोण विचारतो? किशनराव तर मुद्दाम मिरचीभजी मागवून त्यांच्या शेजारी बसून खायचे. "तुला काय बाबा, मिरची खाल्ली तर व्रत मोडंल," असं म्हणायचे आणि बोटं चाटायचे. शेतकरी सल्ले द्यायचे. एकानं सांगितलं, पोटाला ओलं फडकं बांधा. दुसऱ्यानं सांगितलं, त्याचा मेहुणा असंच करत होता, आता त्याला चालता येत नाही. उपाशी माणसाभोवती जगातले सगळे शहाणे का जमतात, हे अंकुशरावांना कळेना.

तरी त्यांनी सोडलं नाही. हट्टी माणूस. सहाव्या-सातव्या दिवशी त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली, जी ना डॉक्टरनं सांगितली होती, ना कागदावर होती. भूक वाढत जात नाही. ती येते, अर्धा तास धुमाकूळ घालते आणि कुणी लक्ष दिलं नाही की निघून जाते. नऊला पुन्हा येते, तेव्हा जरा नरम असते. साडेदहाला येते ती मात्र घरावर जप्ती घेऊन आल्यासारखी येते. हे कळल्यावर त्यांना थोडं बरं वाटलं. शत्रूच्या येण्याजाण्याच्या वेळा कळाल्या की निम्मी लढाई होते. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण ऐकणार कोण? चंद्रभागाबाई म्हणाल्या असत्या, मग साडेदहाची भूक अकराला कशाला येते, माझ्या चुलीवर?

बाराव्या दिवशी, बरोबर साडेदहाला, लिंगाप्पा आला.

लिंगाप्पा चार कोसांवरच्या वाडीतला. त्याच्या बापानं मेंढरं राखली, त्यानं तीन एकर तूर लावली. विकायला तो आला नव्हता. घरची डाळ आणि पुढच्या सालाचं बी कणगीत भरायचं होतं, म्हणून नमुना रुमालात बांधून आणला होता. कणगी म्हणजे तुराट्यांची विणलेली, शेणानं लिंपलेली मोठी कोठी. एकदा तिचं तोंड लिंपून बंद केलं की चैतापर्यंत उघडत नाहीत. आत ओला दाणा गेला तर तो तापतो, कोंदतो, भुंगा धरतो, आणि हे सगळं बाहेर कळेपर्यंत वर्षाची डाळ गेलेली असते.

"अण्णा, बघा की जरा. भरू का आणखी वाळवू?"

अंकुशरावांनी दाणा उचलला, दाढेखाली धरला. आणि काय सांगावं, तो दाणा गोड लागला. मागं बालपणी शेतात हिरव्या शेंगा उकडून खात, तसा. जीभ आपोआप पुढं आली, दाढ आपोआप फिरली, आणि दाणा घशाखाली गेला. त्यांनी दुसरा उचलला. तोही गेला. तिसऱ्याला हात घालताना ते म्हणाले, "झकास. भर बिनधास्त."

लिंगाप्पानं रुमाल बांधला, नमस्कार केला आणि फटफटीला किक मारून निघून गेला.

अकराला घरी पाट मांडला होता. गरम भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी. अंकुशरावांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला आमटीतला शिजलेला दाणा दाढेखाली आला, गपकन चेपला, आणि त्यांचा हात ताटातच थांबला.

लिंगाप्पाचा दाणा बोलला नव्हता.

त्यांनी आठवून आठवून पाहिलं. चव आठवत होती, आवाज आठवत नव्हता. अडतीस वर्षांत बाजारात आलेल्या एकाही तुरीची चव त्यांना माहीत नव्हती, कारण त्यांनी एकही गिळली नव्हती. आणि आज दोन गिळून वर झकास म्हणून सांगितलं होतं.

त्यांनी फोन लावला. तो लिंगाप्पाच्या नातीनं, रेणूनं उचलला. "आजा कणगी भरायलाय," म्हणाली आणि ठेवून दिला. पुन्हा लावला तर फोन बंद.

ताटात अडीच भाकऱ्या होत्या. सोळा तास ज्याची वाट बघितली ते ताट. अंकुशरावांनी त्याच्याकडं बघितलं, शिवी दिली, कुणाला ते त्यांनाच ठाऊक, आणि उठले.

"आता कुठं?" चंद्रभागाबाई ओरडल्या. "गरम पाहिजे म्हणून मी इथं जळायलेय!"

"झाकून ठेव."

"मी काय झाकणार न्हाई!"

वाडीला जाणारी टमटम भरल्याशिवाय निघत नाही. ती दीड वाजता भरली. त्यातही एका बाईच्या मांडीवर कोथिंबिरीची जुडी आणि गरम शेव होती आणि ती सगळी वाट शेव खात होती. अंकुशराव बाहेर बघत बसले. त्यांना त्या बाईचा राग आला, डॉक्टरचा आला, सुनेचा आला, लिंगाप्पाचाही आला. यंत्रात टाकायची होती की तूर, माझ्याकडं कशाला आणली? मग हा राग फिरून आपल्याकडंच येतो, हे लक्षात आल्यावर त्यांनी तोही गिळला.

वाडीत पोचले तेव्हा लिंगाप्पाची बायको तानुबाई कणगीच्या तोंडाला शेणकाल्याचा शेवटचा हात फिरवत होती.

"थांब, तानुबाई. लिंपू नको. तूर ओली हाय."

लिंगाप्पा आतून आला. "कोण म्हणतंय?"

"मीच म्हणतोय."

"सकाळी तुम्हीच म्हणलाव ना, झकास?"

"चुकलो."

लिंगाप्पा हसला. थट्टा चालली आहे असंच त्याला वाटलं. "अण्णा, तुमचा दात चुकत न्हाई. माझ्या बापाच्या टायमापासून चुकला न्हाई. उन्हात आलाव, बसा, पाणी घ्या."

"अरं, चुकला म्हणतोय ना मी!"

"न्हाई चुकत."

आता या माणसाला काय करावं? जन्मभर लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून माणूस झिजतो, आणि एक दिवस तोच विश्वास भिंतीसारखा आडवा येतो. अंकुशरावांनी बाजूला सांडलेले चार दाणे उचलले. एक स्वतः चावला. गप. थुंकला. दुसरा लिंगाप्पाच्या तोंडात कोंबला. "चाव. ऐकू येतंय का काही?"

लिंगाप्पानं चावला. त्याचं तोंड उतरलं.

तेव्हा तानुबाईनं शेणाचे हात कमरेवर ठेवले. "सकाळपासून मी हेच सांगायलेय. हात घातला की गार लागतंय म्हणून. पर माझं कोण ऐकतंय? आळंदचा दात बोलला की झालं, बायकोचा हात काय कामाचा!"

लिंगाप्पा फावडं शोधायला गेला.

मग कणगी फोडली. चार माणसं संध्याकाळपर्यंत तूर उपसत होती. अंगणात, ओट्यावर, शेजारच्याच्या पत्र्यावर, जिथं जागा मिळेल तिथं पसरत होती. अंकुशरावही पाट्या उचलत होते. गुडघे ओरडत होते. कामाच्या नादात भूक दोनदा येऊन गेली, त्यांनी तिच्याकडं बघितलंही नाही.

सगळं पसरून झालं तेव्हा साडेसहा वाजले होते. तानुबाईनं ताट आणलं. अंकुशराव जेवले. मधे एकदा घड्याळाकडं बघितलं, तर ती म्हणाली, "अण्णा, पोटाला घड्याळ बांधलंय व्हय? खावा गप." लिंगाप्पानं विचारलं, म्हणून जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर, सून, सोळा तास, गोड लागलेला दाणा. लिंगाप्पानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तुमचा दात चुकला न्हाई. उपाशी होता बिचारा."

घरी आल्यावर अंकुशरावांनी शिवकन्येला जाहीर केलं की हे सगळं बंद. त्यांचं काम सकाळचं आहे, आणि उपाशी दातानं ते होत नाही. मग काय साखर येऊ दे गावात, पाटीलकी करू दे.

शिवकन्येनं बोटं मोजली. "मग सकाळी साडेसहाला जेवा आन् दुपारी अडीचला बंद करा. सोळा तास ते सोळा तास. चालतंय की मामा."

"हे आधी कामून सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही विचारलाव कुठं?"

तेव्हापासून ते सकाळी भाकरी खाऊन बाजारात जातात. भूक आता संध्याकाळी येते, सगळं घर जेवायला बसतं तेव्हा. चंद्रभागाबाई म्हणतात, "आता चूल एकदाच पेटवते, पर तुम्ही असं तोंड करून समोर बसला की घास उतरत न्हाई. बाहेर जावा." मग ते बाहेर जातात, चौकापर्यंत, आणि चौकात नेमकी भजीची गाडी.

पण खरा ताप बाजारात आहे. लिंगाप्पानं ती गोष्ट वाडीत सांगितली, वाडीनं आळंदला सांगितली. आता कुणीही शेतकरी मूठ पुढं करण्याआधी हात मागं ठेवूनच विचारतो. परवा जनवाड्याकडून कुणाच्या तरी सोयऱ्यांबरोबर एक पोरगेला शेतकरी आला होता, बसवेश नावाचा. पहिल्यांदाच आलेला, अंकुशरावांना ओळखतही नव्हता. त्यानंही विचारलं, "अण्णा, जेवून आलाव का?"

हावगेप्पा पोतं खाली ठेवून हसायला लागला. किशनराव गादीवरून वळून बघायला लागले.

अंकुशरावांनी कपाळाला हात लावला. एक मोठा श्वास घेतला. मग म्हणाले, "व्हय बाबा. दोन भाकऱ्या, शेंगाची चटणी आन् ताक. आणखी काय पुसायचं असंल तर पूस, न्हाईतर मूठ उघड."

बसवेशनं मूठ उघडली.